घर, सांदवाडी आणि लहान मूल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सकाळच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस 'मुलांवरील संस्कार' हा विषय नेमून दिला होता. विषय थोर आहे. परंतु मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत काढलेल्या शिक्षकाच्या अंगाला तो सैल होईल, अशी शंका आल्यावरून आम्ही तो चालकांच्या अनुमतीने आखूड करून घेतला. सहा वर्षांच्या आतले मूल, त्याचे घर, आणि घराच्या मागच्या दाराबाहेरची थोडीशी जमीन, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. शेवटी या सभागृहामागील मोकळ्या जागेसंबंधी चार शब्द बोलू. तिचा प्रस्ताव आज दुपारच्या सभेपुढे आहे, आणि खरे सांगावयाचे तर त्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

आपल्या मंडळाने वसतिगृह चालविले, होतकरू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवर परिचय मेळावे भरविले. ही कामे लहान नव्हेत. परंतु या सर्व कार्याचा हिशेब मांडू जाता असे दिसते की, आपल्या ज्ञातीतील व्यक्ती मंडळाच्या दृष्टीस प्रथम पडते ती दहावीच्या गुणपत्रिकेसह. त्याआधीची पंधरा वर्षे ती कोठे होती, काय करीत होती, याची मंडळास वार्ता नसते. आम्ही छत्तीस वर्षे पहिलीच्या वर्गाशी झुंजलो. त्या अनुभवावरून सांगतो की, पहिलीत आलेले मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. पाटीवर बरेच काही आधीच लिहिलेले असते, आणि ते घराने लिहिलेले असते.

एक साधे उदाहरण घ्या. मार्गशीर्षात आपल्याकडे तुरीच्या हिरव्या शेंगा घरोघर येतात. सोलेभाताचा बेत ठरला की आई शेंगांचा ढीग पुढ्यात घेऊन बसते, आणि तीनचार वर्षांचे मूल तिच्या मांडीशी येऊन बसते. त्याला शेंग सोलता येत नसते. ते चिमटीत धरते, दाबते, दाणा उडून चुलीपर्यंत जातो. आठ दिवसांत त्याला शेंगेची शीर सापडते. पंधरा दिवसांत ते एका शेंगेत किती दाणे आहेत हे उघडण्यापूर्वी बोटांनी चाचपून सांगू लागते. ज्या मुलाने घरी दोन हंगाम सोले सोलले, त्याच्या हातात पेन्सिल दिल्यावर ती स्थिर राहते. आणि ज्याला 'तू राहू दे, घाण करशील' म्हणून बाजूला सारले, त्याच्या बोटांना तीच पेन्सिल पहारीसारखी जड होते. याच्या पुष्टीसाठी आमच्यापाशी मोठे शास्त्र नाही, छत्तीस वर्षांचे हजेरीपट आहेत. घरात जे आपण कामाच्या घाईत मुलापासून लांब ठेवतो, सुपातले धान्य, कणकेचा गोळा, पाट्यावरची चटणी, अंगणातला सडा, तीच त्याची पहिली पाठ्यपुस्तके होत.

थोरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी 'मुलांची बाग' असा होतो. त्याच्या शाळेत प्रत्येक मुलास स्वतःचा असा जमिनीचा एक लहान तुकडा असे. आज आपल्या जिल्ह्यात त्याच नावाच्या पाट्या जागोजाग लागल्या आहेत. आत पाहावे तो बाग नाही, अंगण नाही, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात तीन वर्षांच्या बाळाच्या गळ्यात टाय मात्र आहे. असो.

आपल्या महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडकांनी केले. ताराबाईंचे काही काळ वास्तव्य आपल्या शेजारी अमरावतीस होते, ही गोष्ट वऱ्हाडच्या लोकांनी विसरू नये. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत बालशिक्षणाच्या कार्यात शिरल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम उभारले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग, ती खेड्याला परवडणार नाहीत, हे पाहून या दोघींनी बिया, खडे, शंख, पाने यांतून साधने घडविली. पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांत मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेऊन बसविली आणि तिला अंगणवाडी म्हटले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे. शब्दाकडे नीट पाहावे. अंगण हे त्यातले मूळ आहे. ज्या घराला अंगण होते त्या घराने बालशिक्षणाचे अर्धे साहित्य शासनाआधीच जमवून ठेवले होते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे सांदवाडीकडे वळू. आपल्या लहानपणी प्रत्येक घरामागे वा दोन घरांच्या सांदीत थोडी तरी भाजी असे. कुंपणावर वाल, मांडवावर दोडके-कारली, उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचा वेल, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, एखादे कढीलिंबाचे झाड. मग कपाशी उंबरठ्यापर्यंत आली. जिल्ह्याला कापसाने पैसा दाखविला, आणि कर्जही दाखविले; त्या दुःखाची कथा येथे बसलेल्यांस निराळी सांगावयास नको. परंतु त्या गडबडीत आणखी एक गोष्ट हरवली तिचा कोणी पंचनामा केला नाही. शेतकऱ्याच्या घरी भाजी बाजारातून येऊ लागली, आणि शेतकऱ्याच्या मुलाला बी रुजताना पाहण्याचा प्रसंग उरला नाही.

मूल सांदवाडीत काय शिकते, असे कोणी विचारील. कोहळ्याचे मोठे पिवळे फूल भल्या पहाटे उमलते आणि ऊन चढता मिटते. दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते. ज्या घरी दोन्ही वेल आहेत त्या घरच्या चार वर्षांच्या मुलीला घड्याळ येत नसले तरी दिवसाची दोन्ही टोके ठाऊक असतात. त्याच कोहळ्याच्या काही फुलांखाली गोटीएवढे फळ आधीच असते आणि काहींखाली नुसता देठ असतो. मुलाला काही सांगू नये, त्याला विचारू द्यावे. फळाचीच फुले असतात तर ही दुसरी कशासाठी, हा प्रश्न ते चारआठ दिवसांत विचारतेच, आणि मग त्याला पहाटे त्या फुलांत बरबटलेली मधमाशी दाखवावी. आठव्या इयत्तेच्या पुस्तकातली दोन पाने तेथे पाच मिनिटांत होतात.

कढीलिंबाच्या झाडावर पावसाळ्यात अळ्या होतात. लहान असताना त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, वाढल्यावर पानासारख्या हिरव्या होतात. आपण त्या चपलेने चिरडतो. त्याऐवजी एक अळी डहाळीसकट बरणीत घालावी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधावा, रोज ताजी पाने द्यावीत. अळी एके दिवशी खाणे सोडते, स्वतःला धाग्याने डहाळीस बांधून घेते आणि कोश करते. पुढे आठदहा दिवसांनी फुलपाखरू निघते. त्या आठवड्यात घरातील मूल सकाळी उठल्याबरोबर प्रथम कोठे धावते ते आईबापांनी पाहावे. हल्ली मूल उठल्याबरोबर मोबाईलकडे धावते अशी तक्रार प्रत्येक घरी आहे, आणि जेवताना तो हाती दिल्यावाचून घास उतरत नाही अशीही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे की वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. हे सांगणे योग्यच आहे. परंतु हातातले काढून घेतल्यावर त्या हातात दुसरे काय द्यावयाचे, याचे उत्तर घरालाच शोधावे लागेल. बरणीतली अळी हे एक उत्तर आहे.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. २०१७ सालच्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. सगळा देश हळहळला. तरीही फवारणीचा पंप ओसरीवर टांगलेला आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन न्हाणीत ठेवलेला आम्ही आजही पाहतो. मुलांच्या सांदवाडीत ते औषध शिरता कामा नये. मावा पडला तर पडो, शेण-गोमूत्र वा निंबोळीचा अर्क शिंपडावा, नाहीतर ती भाजी गेली म्हणावे. चार दोडक्यांसाठी लेकराचा जीव टांगणीला लावण्यात कसला आला शहाणपणा?

आपले सणवारही या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो, लाकडी नंदी घेऊन पोरे घरोघर बोजारा मागतात. हा साक्षात मुलांचा उत्सव. उभ्या महाराष्ट्राने हेवा करावा असा. पण आता त्यात स्पर्धा आल्या आणि बक्षीस ज्याचा नंदी महाग त्याला जाऊ लागले. काही ठिकाणी तर नंदी एवढा थोर असतो की तो बापाने ओढावा व पोराने शेजारून चालावे. आमचे म्हणणे असे की, बक्षीस द्यावयाचेच तर ज्याने चिकणमातीचा बैल स्वहस्ते केला, ज्याच्या बैलाचे एक शिंग लांब व एक आखूड आहे, त्याला द्यावे. भुलाबाईच्या महिन्यात मुली डब्यातला खाऊ हलवून, वास घेऊन, प्रश्न विचारून ओळखतात. भाषेचे याहून चांगले शिक्षण आम्हांस कोणत्याही प्रशिक्षणवर्गात आढळले नाही. मात्र त्यात मुलग्यांनाही बसू द्यावे. होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापणे, पळसाची फुले भिजवून रंग काढणे, पळसाच्याच पानांचे द्रोण लावणे, ही कामे पाच वर्षांच्या हाताला पुरेपूर झेपतात. 'श्यामची आई' आपण सर्वांनी वाचली आहे. त्यातली आई पत्रावळ लावण्याच्या बाबतीत मुलाला सूट देत नाही, हेही लक्षात असेल.

येथे पुरुषवर्गास एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. आतापर्यंत आम्ही जे बोललो ते ऐकून बंधूंनी भगिनींकडे पाहिले. ते आम्ही येथून पाहिले. आई स्वयंपाक करील, शेतात जाईल, आता नोकरीही करील, आणि वर अळीच्या बरणीतली पाने बदलील, असा जर अर्थ कोणी घेत असेल तर तो चुकीचा आहे. दोडक्याचा मांडव घालणे हे बापाचे काम आहे, आणि खड्डा खणताना लेकीच्या हाती खुरपे देणे हेही. मुलीला केरसुणी आणि मुलाला सायकल, ही वाटणी आपल्या ज्ञातीत अद्याप मोडलेली नाही. आजोबांनाही सुट्टी नाही. ज्यांची मुले पुण्या-नागपुरास आहेत त्यांनी दिवाळीत नातवंडे आली म्हणजे त्यांना खेळणी घेऊन देण्यापूर्वी वालाच्या शेंगा तोडावयास न्यावे. चौथ्या मजल्यावरच्या घरी परत जाताना पिशवीत मूठभर बी द्यावे. फुटक्या बादलीतही वाल येतो.

आता त्या जागेविषयी. या सभागृहाच्या मागे सुमारे चार गुंठे जागा रिकामी आहे. तिच्यावर सिमेंटचे ठोकळे बसवून, पत्रे टाकून, लग्नप्रसंगी पंगतीसाठी ती भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव आहे. भाड्यातून शिष्यवृत्तीनिधीत भर पडेल असे कोषाध्यक्षांचे म्हणणे आहे आणि त्यांचा हिशेब चोख असतो, हे आम्ही जाणतो. निधी वाढला पाहिजे, यात वाद नाही. तरीही आमची विनंती आहे की दोन गुंठ्यांवर पंगती घालाव्या आणि दोन गुंठे आसपासच्या मुलांसाठी मोकळे सोडावे, मग ती मुले आपल्या ज्ञातीची असोत वा नसोत. पाण्याची अडचण सांगितली जाते. पंगतीनंतर हात धुण्याचे जे पाणी आज गटारात जाते तेच चर खणून इकडे वळविता येईल. त्याचा उतार आम्ही काल दोरी लावून पाहिला आहे, तो अनुकूल आहे. देखरेखीस माणूस कोठला, असेही विचारले जाते. या गावात आमच्यासारखे निवृत्त शिक्षक पाच आहेत. त्यांपैकी तिघांनी आठवड्यातून दोन सकाळी देण्याचे कबूल केले आहे, उरलेल्या दोघांचे गुडघे दुखतात. त्यांच्याकडे गोष्टी सांगण्याचे काम दिले आहे.

प्रस्तावावर हात वर करण्यापूर्वी सभासदांनी मागच्या दाराने जाऊन ती जागा एकवार पाहून यावी. आणि ज्यांच्या घरी जुन्या वालाचे, डांगराचे वा अंबाडीचे घरगुती बियाणे अजून शिल्लक असेल त्यांनी ते पुरचुंडीवर नाव घालून मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. येत्या मृगापर्यंत ते जपून ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.