अंदाजाचें गणित

श्रोतेहो, १८५३ सालीं बोरीबंदराहून आगगाडी ठाण्यास आली; आज त्याच मार्गावरील लोकलमध्यें कल्याण-डोंबिवलीचे तरुण रेल्वेभरतीचे सराव-प्रश्न सोडवीत असतात. त्यांस एकच सांगणें आहे.

या परीक्षांत प्रश्नास चार पर्याय. बरोबर उत्तरास १ गुण, चुकल्यास तृतीयांश गुण वजा. बारा उत्तरें डोळे मिटून दिलीं, तर सरासरीनें तीन बरोबर, नऊ चूक. मिळालेले तीनही गुण दंडांत जातात. परंतु प्रत्येक प्रश्नांत एक पर्याय निश्चितपणें बाद करतां आला, तर चार बरोबर, आठ चूक; म्हणजे दंड वजा जातां सव्वा गुणाहून अधिक पदरांत राहतें. अर्ध्या गुणानेंही नोकरी हुकते! म्हणून सराव करतांना चुकीचा पर्याय कां चुकीचा, हेंही शोधीत जा.