ठराव झाला, पुढे कोण?



आपल्याकडे संमेलनाचा समारोप ठरावांनी होतो. बोलींचे जतन व्हावे, आदिवासी आणि वंचित समाजांतल्या लेखनाला मानाचे स्थान मिळावे, स्त्रियांचा सहभाग वाढावा, हे ठराव दर वेळी एकमताने मंजूर होतात. होणारच, त्यांना विरोध करावा इतके कुणाचे त्यात काही जात नाही. टाळ्या पडतात, मंडप उतरतो आणि पुढच्या वर्षी तोच ठराव चार शब्द इकडेतिकडे करून पुन्हा मांडला जातो. हे काम नेमके कोणी करायचे, याविषयी ठराव गप्प असतो. माझे आजचे म्हणणे त्याच जागी सुरू होते. आपल्या साहित्यव्यवहारातून माणसे वगळली जातात ती एखादा नियम आडवा येतो म्हणून, असे क्वचितच घडते. बहुतेकदा कुणीतरी एक माणूस यादी करत असतो, पत्रिका ठरवत असतो, हस्तलिखित चाळत असतो, आणि त्याच्या हातून एखादे नाव राहून जाते. राहून गेलेले नाव परत आणायचे तर तेही त्याच हाताला करावे लागेल.

आपल्या संमेलनांचा इतिहास याला साक्षी आहे. ग्रंथकारांची पहिली सभा 1878 साली पुण्यात भरली. 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. सर्वांचे मानवी हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ कसा बसावा, असा त्या पत्राचा रोख होता. म्हणजे बंदी नव्हती, उलट बोलावणे होते. तरी आत जागा नव्हती. पुढचा हिशेबही मांडून पाहा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, 1961 साली, ग्वाल्हेरला. 2025 मध्ये दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या तेव्हा 98 संमेलनांत मिळून 6 स्त्रिया झाल्या. खानदेशापुरते पाहिले तर 1936 ला जळगावला माधव जूलियन, 1944 ला धुळ्याला मामा वरेरकर, 1952 ला अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी, आणि 1984 ला पुन्हा जळगावला शंकरराव खरात, संमेलनाचे पहिले दलित अध्यक्ष. हा मान आपल्या जळगाव जिल्ह्याला मिळाला याचा आनंद जरूर बाळगावा, पण 1878 पासून मोजले तर त्याला 106 वर्षे लागली, हेही सोबत सांगावे. या सगळ्या काळात स्त्रीला किंवा दलिताला अध्यक्ष होता येणार नाही असे कलम कुठल्याही नियमावलीत नव्हते. सुचवणारे होते, अनुमोदन देणारे होते, मत देणारे होते. प्रत्येकाने अगदी प्रामाणिकपणे आपल्या ओळखीचे नाव पुढे केले. बस्स, तेवढ्याने शंभर वर्षे निघाली.

कुणी म्हणेल, मग नियमच बदला, जागा राखून ठेवा. जरूर ठेवा. पण नुसत्या ठरावाचे काय होते ते महाडने दाखवून ठेवले आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 पर्यंत ते पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे स्वतःच्या पायांनी तळ्यावर गेली, मार खाल्ला, नंतर कोर्टकज्जा झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले. त्या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही अस्पृश्य समाजाबाहेरची माणसेही होती. त्यांच्यापैकी कुणालाही घरी बसून ठरावाला पाठिंबा देता आला असता. त्या काळी तेवढ्यावरही सुधारक म्हणवून घेता येत होते, आजही येते.

आता आपल्या दाराशी येऊ. बहिणाबाई चौधरींचे कौतुक करताना आपण त्यांच्या प्रतिभेविषयी बोलतो, ते योग्यच आहे. पण ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? आसोद्याची ही लेक लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर, शेतात, कामाच्या ओघात ओव्या सुचत गेल्या आणि त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांचा मावसभाऊ पितांबर याने उतरवून घेतल्या. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की उतरवणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी लेवा गणबोली धुऊनपुसून पुस्तकी केली नाही; उच्चार जसा होता तसा कागदावर ठेवला. तिथे हात फिरवला असता तर चार सुविचार उरले असते, कविता उरली नसती. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण शेजारच्या घरातल्या जात्यावर जी बाई गात होती आणि जिचा मुलगा कवी नव्हता, तिचे काय झाले? ती बहिणाबाईंच्या तोडीची होती की नव्हती, हे सांगायला आपल्याकडे काहीही साधन नाही, कारण तिच्या जवळ वही घेऊन कुणी बसले नाही. एका घरात योगायोगाने जे घडले ते गावागावात ठरवून घडवणे, ही मला आपल्या सर्वांची जबाबदारी वाटते.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा येतो. आडनाव पाहून, बोली पाहून छापायला लागलो तर वाङ्मयाचा कस कसा राहील? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणारे एक गृहीत धरतात: आजवर आडनाव पाहिलेच गेले नाही. शिवाय कस वाचल्यावर कळतो, न उघडलेल्या पाकिटातून कळत नाही. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द पांढरपेशा वाचकाला परके होते. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, ती ते शब्द आणि ते जग कवीकडून समजून घेऊन. स्वतःचे अज्ञान कवीच्या खात्यावर उणे म्हणून मांडायचे त्यांनी नाकारले. समीक्षकाने वैयक्तिक पातळीवर करायची गोष्ट ती हीच. उलट बाजूही स्पष्ट बोलतो. लेखन कच्चे असेल तर ते कच्चे म्हणून परत करावे, कारणे लिहून परत करावे, जसे आपण पुण्या-मुंबईच्या लेखकाला करतो तसे. 'बोलीतले आहे ना, चालेल' हा उदारपणा मला अपमानाचाच एक सभ्य प्रकार वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो खानदेशाने तरी टाळू नये, कारण साने गुरुजी आपले आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे हे मास्तर, इथून, रावेरहून, जवळच्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा त्याच्या तयारीत राबलेले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले आणि 10 मे ला, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, सोडले. आक्षेप असा की एका सवर्ण माणसाच्या आत्मक्लेशाने व्यवस्था बदलत नाही; उलट सगळे लक्ष त्याच्याच सदसद्विवेकावर खिळते. ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्याने, बाबासाहेब आंबेडकरांनी, तर 1935 सालीच येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. मंदिराचे दार त्यांच्या दृष्टीने केव्हाच मागे पडले होते. त्यांना शिक्षण, सत्ता आणि कायदा हवा होता. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. कायद्यावाचून चालत नाही. राज्यघटनेचे सतरावे कलम कुणाच्या चांगुलपणावर विसंबून नाही, हेच त्याचे बळ. परंतु उपोषणाआधी गुरुजींनी कित्येक महिने महाराष्ट्रभर जो दौरा केला त्याकडे पाहा. गावोगावी सभा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची गाणी, आणि त्यातून खुल्या झालेल्या विहिरी नि देवळे. उपोषणाची गोष्ट आपण सांगतो, दौऱ्याची विसरतो. काम मात्र दौऱ्याने जास्त केले असावे. हा निष्कर्ष माझा आहे, तो कुणी खोडून काढला तर ऐकायला आवडेल.

आंबेडकरांच्या बाजूने घ्यायचा धडा वेगळा आहे: ज्याच्यासाठी करता त्याला आधी विचारा. आदिवासी लेखकांसाठी आपण परिसंवाद ठेवतो आणि विषय आपणच ठरवून देतो. तो नव्वद टक्के वेळा 'व्यथा आणि वेदना' असतो. पावरा समाजातल्या कवीला मर्ढेकरांवर बोलायचे असेल, तडवी लेखिकेला विनोदी कथा वाचायची असेल, हे आपल्या मनातही येत नाही. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे भिलोरीत आणि मराठीत लिहितात; त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेचे नावच 'स्टेज' आहे. व्यासपीठावर बसलेल्यांनी ती खाली उतरून वाचावी.

रावेर हे अशा विचाराला फार सोयीचे ठिकाण आहे. या एका तालुक्यात लेवा गणबोली, तडवी, सातपुड्यातली पावरी-बारेली, तांड्यांवरची बंजारा, घराघरातली उर्दू, आणि सीमेपलीकडे बऱ्हाणपूरकडून येणारी हिंदी-निमाडी ऐकू येते. पश्चिमेकडे अहिराणी, म्हणजे खानदेशी. ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले. 2011 च्या जनगणनेत ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारे साडेअठरा लाखांवर होते. सातपुड्यातल्या पालच्या बाजूच्या पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या घरचे शब्द पुस्तकात नसतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पण वर्गाच्या भिंतीवर पावरी आणि मराठी शब्द शेजारी शेजारी लिहायला शिक्षकाला कुठल्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. खडू त्याच्या हातात आहे.

आपल्या हातात काय आहे? निमंत्रणपत्रिका. कुठल्याही संमेलनाची घ्या आणि शांतपणे वाचा. सकाळी दहाला उद्घाटन, अकराला अध्यक्षीय भाषण, दुपारी प्रतिष्ठितांचा परिसंवाद, संध्याकाळी निमंत्रितांचे कविसंमेलन. आणि तळाशी, बारीक टायपात, रात्री साडेनऊला 'बोलीभाषा कविसंमेलन'. तोवर जेवणे उरकलेली असतात, पालकडे जाणारी शेवटची गाडी गेलेली असते, बायका घरी परतलेल्या असतात आणि मंडपवाला मागच्या खुर्च्या एकात एक घालू लागतो. बाहेरच्या पाहुण्याला प्रवासखर्च नि मानधन, स्थानिक कवी 'घरचेच' म्हणून नारळ-शाल. व्यासपीठाला पाच पायऱ्या, उतार नाही; चाकाच्या खुर्चीतला कवी खालूनच वाचतो. यातले काहीही संमेलनाच्या घटनेत लिहिलेले नाही. पत्रिका करणाऱ्या दोघातिघांनी ठरवलेले आहे, आणि ते दोघेतिघे बहुधा भली माणसे असतात. म्हणूनच मी त्यांना दोष देत नाही, फक्त पुढच्या वेळी पेन हातात घेताना दोन मिनिटे थांबायला सांगतो.

संमेलनाच्या अध्यक्षाकडे, म्हणजे माझ्याकडे, फारसे अधिकार नसतात, पण नाही म्हणायचा अधिकार असतो. या वर्षभरात येणारे प्रत्येक निमंत्रण मी पूर्ण पत्रिका पाहूनच स्वीकारणार आहे. परिसंवादात एकही स्त्री नसेल तर माझी खुर्ची मोकळी समजावी आणि ती कुणाला द्यावी हेही मी सुचवीन. यावर तिसरा आक्षेप ठरलेला: एवढ्याने काय होणार? फार काही होणार नाही. एका पत्रिकेत एक ओळ वर सरकेल. पण ती सरकवल्याशिवाय सरकत नाही, असा आपला शंभर वर्षांचा अनुभव आहे.

तेव्हा संयोजकांना एक सूचना करून थांबतो. पुढच्या वर्षी सकाळी अकराची वेळ पाल, यावल आणि सातपुड्यातून येणाऱ्या कवींना द्या, त्यांना गाडीभाडे द्या आणि विषय त्यांना ठरवू द्या. अध्यक्षीय भाषण रात्री साडेनऊला ठेवा. जे अध्यक्ष येतील त्यांना मी समजावून सांगीन. तेवढ्या रात्री लोक बसून राहिले, तर भाषण ऐकण्याजोगे होते असे मानायला हरकत नाही.