जर्मन पदवी : गुणांचा हिशेब आणि मान्यता
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंड-अमेरिका येते. परंतु जर्मनीची वाट आपल्याला नवी नाही. डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. इरावतीबाई कर्वे यांची डॉक्टरेटही बर्लिनचीच. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण-शुल्क नसल्याने आज बेताच्या मिळकतीचे पालकही या वाटेची चौकशी करतात. म्हणूनच काही गोष्टी आधी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट गुणांची. आपल्याकडे आकडा जितका मोठा तितका विद्यार्थी हुशार. जर्मनीत नेमके उलट आहे. तेथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. तेव्हा कोणी '१.७ मिळाले' असे सांगितले, तर हळहळू नका, पेढे मागा!

आपले गुण तेथे कसे धरतात? त्यासाठी 'बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करावेत. कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करून आलेल्या संख्येने त्यास भागावे, तीनने गुणावे आणि एक मिळवावा. समजा, शंभरपैकी ७० गुण आहेत व उत्तीर्णतेस ४० लागतात. तीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक, म्हणजे २.५. उत्तीर्णतेची मर्यादा ३५ असती, तर त्याच ७० गुणांचे साधारण २.४ झाले असते. एम.ए., एम.एस्सी.च्या तोडीच्या पुष्कळ अभ्यासक्रमांना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते. म्हणून गुणपत्रिकेबरोबर उत्तीर्णतेचा नियम दर्शविणारा विद्यापीठाचा कागदही जपून ठेवा.

दुसरी गोष्ट नावाची. पूर्वी जर्मन विद्यापीठे 'डिप्लोम' देत. आपल्याकडे डिप्लोमा पदवीच्या खालचा, परंतु विद्यापीठाचा तो डिप्लोम पदव्युत्तर तोडीचा असे. नावाच्या या घोटाळ्यामुळे परदेशात अडचणी येत. १९९९ साली २९ युरोपीय देशांनी बोलोन्या येथे करार केला. त्यानंतर जर्मनीतही बहुतेक विषयांत बॅचलर व मास्टर या पदव्या आल्या. वर्षाला ६० श्रेयांक हे माप ठरले, आणि पदवीसोबत अभ्यासक्रमाची माहिती देणारे पुरवणीपत्रही मिळू लागले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती मान्यतेची. आपले विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे काय, हे 'अनाबिन' या तेथील अधिकृत सूचीत पाहावे. तेथे 'एच प्लस' असा शेरा असल्यास संस्था मान्य समजावी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसापूर्वी सामान्यतः 'एपीएस' प्रमाणपत्र लागते. त्यात कागदपत्रांचा खरेखोटेपणा तपासतात. तेथील संस्था खाजगी असेल, तर ती राज्यमान्य आहे याची खात्री करा. परत आल्यावर पदवीच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली नियम केले आहेत. वैद्यकी, कायदा यांसारख्या व्यवसायांना मात्र त्या त्या परिषदेचे नियम लागू पडतात.

पालकांनो, दागिने गहाण टाकण्यापूर्वी आणि एजंटाच्या हाती पैसे देण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारा : गुण किती धरतील, पदवी कोणत्या तोडीची, आणि ती दोन्हीकडे चालेल काय? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब अखेरच्या वर्षी नव्हे, पहिल्याच वर्षी मांडा, म्हणजे गुण वाढविण्यास वेळ उरेल.