आजाराचा हिशेब कोण मांडणार?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आरोग्याचे अर्थशास्त्र : अध्यापनाच्या व संशोधनाच्या संधी’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा प्रथम मी थोडा घुटमळलो. नोकरीच्या संधींची माहिती देण्याचे काम महाविद्यालयातील मार्गदर्शन केंद्राचे. पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. परंतु अधिक विचार केल्यावर माझी खात्री झाली की, हा प्रश्न केवळ दहा-वीस हुशार मुलांच्या उपजीविकेचा नाही. गरिबाच्या आजाराचा हिशेब कोणी मांडायचा आणि कोणाच्या पैशाने मांडायचा, हा त्यातील खरा प्रश्न आहे व तो राजकीय आहे.

थोडा स्वतःचा अनुभव सांगतो. १९८० नंतरच्या दशकात एम. ए. होऊन मी अधिव्याख्याता झालो. पनवेल तालुक्यातील आदिवासी वाड्यांवर कार्यकर्त्यांबरोबर हिंडताना एक गोष्ट वारंवार कानी येई. पावसाळ्यात घरात कोणी आजारी पडले की कातकरी कुटुंब वीटभट्टीवाल्याकडून उचल घेई आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी मुलाबाळांसह भट्टीवर जाई. हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसे. चार दिवसांच्या तापाची किंमत सबंध वर्षाच्या श्रमाने मोजली जात होती. मी ठरवले की, आजारपणाचा खर्च आणि कर्जबाजारीपणा हाच आपल्या पीएच. डी.चा विषय. ज्यांच्याकडे टिपण घेऊन गेलो त्यांनी ते सहानुभूतीने वाचले आणि सांगितले, “हा विषय वैद्यकाचा आहे; अर्थशास्त्राचा नव्हे.” मी दुसरा विषय घेतला. त्यात मन रमले नाही आणि प्रबंध अपुराच राहिला. दोष त्या गृहस्थांचा नाही. त्या काळी आमच्या अभ्यासक्रमात शेती होती, उद्योग होते, बँका होत्या. आजारी माणूस मात्र कोठेच नव्हता. पण मीही हट्ट धरला नाही, हे आज प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः या शास्त्राचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा बाजार नव्हे. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते. आपल्याला काय हवे हे गिऱ्हाईक ठरवीत नाही, तर विकणाराच ठरवितो. आणि घेतलेला माल बरा की वाईट हे पुष्कळदा घेतल्यानंतरही कळत नाही. मग अशा ठिकाणी केवळ मागणी-पुरवठ्याच्या नियमावर विसंबून कसे चालेल? समाजवाद्यांनी नीतीच्या आधारे जे म्हटले, त्याला अर्थशास्त्राच्या अंगानेही आधार आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आपल्या महाराष्ट्रात या दिशेने जे काम झाले, ते अभिमानास्पद आहे. डॉ. नोशीर अंटिया हे नामवंत प्लास्टिक सर्जन. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील मांडव्याच्या परिसरात खेड्यातील स्त्रियांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन प्रयोग केला आणि १९७५ साली ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. याच संस्थेतर्फे रवी दुग्गल व सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांची पाहणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून दिसले की, सरकार दरडोई आरोग्यावर जेवढे खर्च करते, त्याच्या कितीतरी अधिक रक्कम कुटुंबे स्वतःच्या खिशातून घालतात. डॉ. अनंत फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा असाच तपास केला. १९८४ साली मुंबईहून ‘सोशॅलिस्ट हेल्थ रिव्ह्यू’ हे नियतकालिक निघाले. १९९४ साली ‘सेहत’ ही संशोधन संस्था उभी राहिली.

आणखी एक उदाहरण कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. डॉ. अभय बंग यांनी वर्धा जिल्ह्यात काम करीत असताना शेतमजुराला श्रमासाठी किती उष्मांक लागतात याचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडला आणि किमान वेतन ठरविणाऱ्या सरकारी समितीच्या गणितातील चूक दाखवून दिली. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला चार रुपयांवरून बारा रुपयांवर गेली, त्यामागे या हिशेबाचे बळ होते. अर्थात् मजुरांचा लढा होताच. पण लढ्याच्या हाती आकडा आला की त्याची धार वाढते.

आता या सर्व कामांत एक समान गोष्ट आढळेल. ती करणारे बहुतांशी डॉक्टर किंवा समाजशास्त्रज्ञ होते, आणि ती विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांबाहेर झाली. आम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक मागे राहिलो.

आज परिस्थिती पालटली आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम चालते. टाटा समाजविज्ञान संस्थेत आरोग्यव्यवस्थांच्या अभ्यासाचा विभाग आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली आरोग्य-तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी यंत्रणा सुरू केली. एखादे औषध, लस किंवा उपकरण सार्वजनिक पैशाने घ्यावे काय, त्याचा लाभ खर्चाच्या मानाने किती, हे ती तपासते. परळची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था तिच्या केंद्रांपैकी एक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ आकडेवारी आज विद्यार्थ्याला घरबसल्या मिळते; आमच्या वेळी छापील अहवालासाठी मुंबईचे ग्रंथालय गाठावे लागे. संख्याशास्त्राची भीती न बाळगणाऱ्या एम. ए.च्या विद्यार्थ्याला नेट-सेट उत्तीर्ण होऊन, अधिछात्रवृत्ती मिळवून या विषयात पीएच. डी. करणे आज पूर्णपणे शक्य आहे. त्याला कोणी ‘हा विषय वैद्यकाचा’ असे म्हणणार नाही.

परंतु पुढे काय, हा प्रश्न उरतोच. पीएच. डी. झालेल्या तरुणाला भरघोस पगार देण्यास औषध कंपन्या, विमा कंपन्या व सल्लागार संस्था तयार आहेत. महाविद्यालयांत मात्र जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण चाळिशीला पोहोचतात. मुले कंपन्यांकडे गेली म्हणून मी त्यांना दूषण देणार नाही; संसार सर्वांनाच आहे. पण प्रश्न ठरवितो तो पगार देणारा. आपले औषध सरकारने कोणत्या किमतीला घ्यावे, हे कंपनी विचारील. कोणाचा दावा नाकारता येईल, हे विमा कंपनी विचारील. भट्टीवरच्या उचलीचा हिशेब मागण्याचे कारण या दोघांनाही नाही.

हा हिशेब न मांडल्याने काय होते, ते पाहा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी खर्च वाढला असेल तर आनंदच आहे. तरी २०२१-२२ साली तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. खिशातला खर्च उपचार स्वस्त झाल्याने कमी होतो, तसाच तो लोकांनी उपचार टाळल्यानेही कमी होतो. जो दवाखान्याची पायरीच चढला नाही, त्याचा खर्च शून्य. कागदावर ही प्रगती दिसते आणि घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. या दोहोंतला फरक दिल्लीच्या कोष्टकातून कळत नाही; त्यासाठी वाडीवर जावे लागते.

आपल्या जिल्ह्याचेच पाहू. जुलै २०१२ मध्ये जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. या योजनेने अनेकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रुग्णालयात दाखल न होता वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे, गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, यांचा भार घरावरच राहतो. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी एका पतसंस्थेच्या कर्जदारांना घरी जाऊन गाठले. अर्जावर कारण ‘घरदुरुस्ती’. घरी गेल्यावर कळे की घर तसेच आहे, पैसे बापाच्या डायलिसिसला गेले. कारण खरे लिहिले तर कर्ज मिळणार नाही, अशी त्या लोकांची समजूत होती. जी गोष्ट मला तीस वर्षांपूर्वी सिद्ध करावयाची होती, ती या मुलीने एका वहीत आणून ठेवली. पुढे तिला या विषयात संशोधन करावयाचे होते. आज ती एका विमा कंपनीत आहे आणि मन लावून काम करते. मला तिचा राग येत नाही. मला राग येतो तो तिच्यासाठी एकही सार्वजनिक जागा निर्माण करू न शकलेल्या व्यवस्थेचा, आणि थोडा आपलाही.

आपला असे मी जाणूनबुजून म्हणतो. रुग्णालयासाठी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. पण निवेदनात किती वेळा नेमका आकडा होता? याच तालुक्यात, ताऱ्याला, १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरच्या कामात रुग्णसेवेला पहिल्यापासून स्थान राहिले. डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले, तोवर या कामाशी त्यांचे नाते तुटले नाही. सेवेची आपली परंपरा अशी भक्कम आहे. तिला हिशेबाची जोड देण्यात आपण उणे पडलो.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, रिक्त पदे भरण्याच्या लढ्यात मुंबई विद्यापीठाकडे व शासनाकडे आरोग्याच्या अर्थशास्त्रासाठी कायम अध्यापकपदांची मागणी स्पष्टपणे नोंदवावी. दुसरी, कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील पन्नास घरांची वर्षभराची आजारपणाची वही ठेवावी. दुखणे काय, कोठे गेले, किती लागले, पैसे कोठून आणले आणि गेले नाहीत तर का, एवढ्या पाच रकान्यांची. तिच्यात नावे नकोत. घरांना क्रमांक द्यावेत. तिसरी, या वह्या विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात आणि त्यांना शिकविण्यास माझ्यासारख्या निवृत्तांना जुंपावे. माझ्यापुरते सांगतो, दर रविवारी सकाळी मी मोकळा आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही कंपनीत गेलात तरी आमचे दार तुम्हाला बंद नाही. पण तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तरी हट्ट धरावा. जो मी धरला नाही, तो.