टीव्ही कुणाच्या घरात होता?

(किकवी इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज मी क्रांतीवर बोलणार नाही. मी कार्टूनवर बोलणार आहे. हसा. मला चालेल. पण हसून झालं की ऐका.

तुमच्या मोबाईलवर अधूनमधून एक मजकूर फिरत येतो. दूरदर्शनचं जुनं गोल चिन्ह, खाली मोगली, हे-मॅन, शक्तिमान, आणि वर लिहिलेलं असतं, 'ते सोनेरी दिवस आठवतात का?' तुम्ही तो पुढे ढकलता. मीही ढकलतो. खोटं कशाला बोलू, मलाही गलबलून येतं. पण मागच्या महिन्यात असाच एक मजकूर आला आणि माझं बोट थांबलं. म्हटलं, सोनेरी होते खरे. पण सोनं कुणाच्या घरात होतं?

तर मी किकवीची गोष्ट सांगतो. तुम्ही पुण्याकडून आलात. कापूरव्होळ मागं टाकलंत, सारोळ्याच्या अलीकडं उतरलात. हा पुणे-सातारा रस्ता. आज इथून गाड्या अशा सुटतात की म्हातारं माणूस रस्ता ओलांडताना देव आठवतं. तेव्हा रस्ता अरुंद होता आणि जग लांब होतं. मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. 1973 मध्ये सिंहगडावरून त्याचं पुनःप्रक्षेपण सुरू झालं आणि पुण्याला चित्र दिसायला लागलं. आमच्याकडं अँटेना म्हणजे सिंहगडाकडं तोंड करून उभी राहिलेली ॲल्युमिनियमची फणी. कावळा बसला की चित्र हलायचं. वारा सुटला की माणसाची दोन माणसं व्हायची.

1986 साली मी आठ वर्षांचा. आमच्या वस्तीत टीव्ही नव्हता. गावात ज्या थोड्या घरांत होता, त्यातल्या एका घरी आम्ही जायचो. घर कुणाचं ते सांगणार नाही. ती माणसं आता राहिली नाहीत आणि मला कुणाच्या नातवाची मान खाली घालायची नाही. त्या घरात बैठकीच्या खोलीत टीव्ही. गावातली पोरं आत सतरंजीवर. आम्ही उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर. कुणी हाकललं नाही. कुणी शिवी दिली नाही. नुसतं ठरलेलं होतं. आत कुणी बसायचं आणि बाहेर कुणी, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी पाठ होतं. पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

दारात मोठी माणसं उभी राहिली की आम्हाला पडद्याचा डावा कोपरा तेवढा दिसायचा. म्हणून मी आजही सांगू शकतो की 'जायंट रोबॉट'मध्ये डाव्या कोपऱ्यात काय काय घडायचं.

आता या रोबॉटविषयी. जपानमध्ये 1967-68 साली ही मालिका झाली. एकूण 26 भाग. मूळ चित्रकथा मित्सुतेरू योकोयामाची. अमेरिकन कंपनीनं ती इंग्रजीत घातली, ठिकठिकाणच्या वाहिन्यांना विकली, आणि फिरत फिरत ती आमच्या ओट्यापर्यंत आली तेव्हा तिला जवळपास वीस वर्षं झाली होती. आमच्यासाठी ताजी. शिळी भाकर भुकेल्याला ताजीच असते. गोष्ट काय? एक पोरगा. त्याच्या मनगटावर घड्याळ. त्यात तो बोलला की डोंगराएवढा लोखंडी रोबॉट उठतो आणि फक्त त्याचंच ऐकतो. दुसऱ्या कुणाचं नाही.

तुम्ही विचार करा. ज्या पोराच्या बापाचं गावात कुणी ऐकत नव्हतं, त्या पोराला हे बघून काय झालं असेल! मी मनगटाला सुतळी बांधून त्यात बोलायचो. रोबॉटला सांगायचो, ये, आणि एवढा एक उंबरा उचलून नीरेत टाक. शेवटच्या भागात रोबॉट पोराचं न ऐकता शत्रूला घेऊन आकाशात जातो आणि स्वतःही संपतो. त्या संध्याकाळी मी ओट्यावरून रडत घरी आलो. आईला वाटलं, कुणी मारलं. म्हटलं, रोबॉट मेला. ती म्हणाली, "कोन व्हता त्यो? आपल्यातला का?" मी म्हटलं, "व्हय."

मग हे-मॅन. तलवार वर केली की साधा राजपुत्र बलदंड व्हायचा. बोलणं इंग्रजी, आम्हाला ओ का ठो कळायचं नाही, पण तलवार कळायची. आता मोठं झाल्यावर कळलं ते सांगतो. हे-मॅन आधी खेळणं होतं. मॅटेल नावाच्या अमेरिकन कंपनीनं 1982 साली बाहुले बाजारात आणले आणि ते खपावेत म्हणून 1983 मध्ये कार्टून आलं. दोन हंगामांत 130 भाग. एका हंगामात 65 का? कारण अमेरिकेत अशी मालिका एका मोठ्या वाहिनीला न देता गावोगावच्या छोट्या वाहिन्यांना गठ्ठ्यानं विकायची पद्धत होती. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, पाच तेरे पासष्ट. संपले की पुन्हा पहिल्यापासून. दरवर्षी नवी पोरं जन्माला येतातच की! किराणा दुकानदार पोतं फोडून मापानं विकतो, तसं स्वप्न मापानं विकलं. आम्हाला बाहुला परवडणारा नव्हता, म्हणून आमच्यापुरता त्यांचा धंदा बुडाला. आम्ही तलवार काठीची केली. मॅटेलला आमच्याकडून एक पैसा मिळाला नाही याचं मला आजही समाधान आहे.

पण प्रश्न निराळा. हे-मॅन राजपुत्र. विक्रम-वेताळातला विक्रम राजा. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी रामायण आलं, तोही राजपुत्र. ज्याला पराक्रम करायचा त्यानं आधी राजाच्या घरी जन्म घ्यायचा, असा जणू नियमच. मग मराठीत सुमित राघवनचा 'फास्टर फेणे' आला. भा. रा. भागवतांचा बन्या. हा मात्र राजपुत्र नव्हता. फुरसुंगीचा पोरगा, सायकल मारणारा. फुरसुंगी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं गाव! मला तो फार आवडला. अजून आवडतो. आमच्या कोपऱ्यातून त्याची सायकल पडद्याच्या डावीकडून आत यायची आणि दिसेनाशी व्हायची. पण तो कुठल्याही वाड्यात, कुठल्याही बंगल्यात बेधडक शिरायचा, हे मात्र ऐकून-बघून कळायचं. दार आपल्यासाठी उघडं आहे का, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. भागवतांवर माझा राग नाही. ज्याला दार कधी बंद मिळालं नाही त्याला कडी दिसत नाही, एवढंच.

आणि ते पक्ष्यांचं कार्टून! 'एक अनेक और एकता'. 1974 चं. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. मराठी बाई. चित्रं हलवली भीमसेन यांनी. दाण्यांवर बसलेले पक्षी शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकतात, सगळे एकदम उडतात, जाळं घेऊनच उडतात, आणि उंदीर ते कुरतडून देतात. आत बसलेली पोरं आणि बाहेर बसलेले आम्ही, सगळे मिळून ते गाणं म्हणायचो. एकाच सुरात. मध्ये उंबरा. कुणालाच हसू आलं नाही. आज मला येतं.

याच मुळेबाई 'साईट' नावाच्या सरकारी प्रयोगात होत्या. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही दाखवला. संच कुणाच्या माडीवर नाही, सार्वजनिक जागी. गावानं एकत्र बसून बघायचा. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या गावांत तरी सगळे एका सतरंजीवर बसले असतील असा माझा भाबडा समज नाही. पण निदान कल्पना होती की टीव्ही सगळ्यांचा. वर्षानं उपग्रह गेला. पुढं टीव्ही ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरात आला. आणि ज्याच्या घरात टीव्ही त्याच्या घरचा उंबरा.

आता 1993. मी पंधरा वर्षांचा. वस्तीनं वर्गणी काढली. कुणी पाच, कुणी दहा. एका म्हातारीनं कोंबडी विकली. पुण्याच्या जुन्या बाजारातून चौदा इंची काळा-पांढरा संच आणला, वापरलेला. विहारात ठेवला. अँटेना बांधायला नवा बांबू नव्हता, म्हणून निळ्या झेंड्याच्या काठीच्या बाजूलाच बांधली. माझा चुलता ट्रकवर क्लीनर होता. तो म्हणाला, हा संच बारा व्होल्टवर चालतो, ट्रकची जुनी बॅटरी जोडून देतो. दिली. एवढ्याशा त्या गोष्टीनं काय केलं बघा.

त्या वर्षी रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. गोष्ट इंग्रज किपलिंगची, त्याचा जन्म मुंबईचा, 1865 चा. जंगल आपल्या मध्य प्रदेशातलं, शिवनीचं. कार्टून केलं जपानी लोकांनी, 1989 साली. हिंदीत शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. आपलंच जंगल विलायत आणि जपान फिरून आपल्याला परत मिळालं. माणसाचं पोर लांडग्यांनी वाढवलं. कळप विचारतो, हा आमच्यातला का? वस्तीतल्या पोरांना तो प्रश्न समजावून सांगावा लागला नाही.

एका रविवारी ऐन वेळेला गावातली लाईट गेली. सगळे टीव्ही गप्प. आमचा बॅटरीवर चालू. आवाज रस्त्यापर्यंत. थोड्या वेळानं बघतो तर विहाराच्या दारात गावातली सात-आठ पोरं उभी. त्यांत त्या घरातला धाकटा पण. आमच्यातला एक जण म्हणाला, "बसवा भाईर. कळू द्या जरा." मी म्हणालो, बरोबर आहे. लपवत नाही, मीच पहिला म्हणालो. सात वर्षांची उधारी होती.

माझी आजी भिंतीला टेकून बसली होती. तिला दिसायचं कमी. ती म्हणाली, "भाईर बसून बगाया कसं लागतं ह्ये तुला ठावं हाय का न्हाई?" मी गप्प. "ठावं हाय ना? मग ज्याला ठावं हाय त्यानं तरी करू नये." आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, "या रं आत. वहाणा तेवढ्या भाईर काढा. समद्यांच्याच भाईर हायेत."

पोरं आत आली. आमच्यात बसली. मोगली बघितला. मध्येच माझ्या बहिणीनं तांब्या फिरवला. आमच्या पोरांनी पाणी प्यायलं. त्या पोरांनी तांब्या हातोहात पुढे दिला. कुणी तोंडाला लावला नाही. पुढच्या रविवारी गावात लाईट होती. कुणी आलं नाही.

ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. कार्टूननं जात जात नाही. बॅटरीनंही जात नाही. पण दार कुणाच्या हातात आहे यानं फरक पडतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या रविवारी टीव्ही बंद झाल्यावर आजीनं आम्हाला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला माहीत आहे, तरी ऐका. 1901 साल. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन पोरं साताऱ्याहून बापाला भेटायला निघतात. बाप खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. अंगात नवे कपडे. आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरतात. घ्यायला कुणी नाही, कारण पत्र बापाच्या हाती पडलंच नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी एक तयार होतो, दुप्पट भाडं घेऊन, आणि अट अशी की बैल पोरांनी हाकायचे, तो पायी चालणार. रात्र पडते. जेवण सोबत आहे, प्यायला पाणी नाही. टोलनाक्यावर सुद्धा पाणी मिळत नाही. पोरं उपाशी झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी बापापाशी पोहोचतात.

मित्रांनो, साहसकथा म्हणतात ती ही. रात्र आहे, अनोळखी रस्ता आहे, पोरं एकटी आहेत, शत्रू आहे. फक्त तलवार नाही, रोबॉट नाही. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली. आमच्या लहानपणी ती आम्ही पडद्यावर पाहिली नाही. आजीच्या तोंडून ऐकली, आणि नुकताच न प्यायलेला तांब्या समोर होता म्हणून पुरती कळली. 2019 साली बाबासाहेबांच्या जीवनावर मराठीत एक आणि हिंदीत एक अशा दोन मालिका आल्या. हिंदी मालिकेत लहानगा भीम नायक झाला तेव्हा माझी पुतणी टीव्हीसमोर पालथी पडून बघत होती. खोलीच्या मधोमध. तिला पूर्ण पडदा दिसत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आता तुमच्या प्रत्येकाच्या हातात पडदा आहे. उंबरा नाही असं वाटतं. पण काय दिसायचं हे अजून दुसराच कुणी ठरवतो, आणि पाच तेरे पासष्टचा हिशेब आता मिनिटामिनिटाला चालतो. तुमच्यात चित्रं काढणारे आहेत, संगणकावर चित्रं हलवणारे आहेत. मग जुन्या दिवसांवर नुसते उसासे कशाला? मसूर स्टेशन काढा. बैलगाडी काढा. चार पोरं काढा, नवे कपडे घातलेली. त्यांच्या तहानेची गोष्ट अशी करा की कुठल्याही गावातलं, कुठल्याही घरातलं पोर ती जीव मुठीत धरून बघेल. आणि शेवटी मनात म्हणेल, अरे, कुणीतरी यांना पाणी द्या.

ते त्यानं म्हटलं की तांब्या पुढं करायचं काम आपलं. प्यायचं काम त्याचं.

जयभीम.