शब्द वहीत येतो, वाक्यात येत नाही



इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेत इंग्रजीचे महत्त्व सांगून सुरुवात करण्याची अध्यक्षांची जुनी रीत आहे. ते काम आता पालकांनीच आपल्या हातून काढून घेतले आहे, त्यामुळे मी ते सोडतो. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांमध्ये पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हा जोरदार वाद झाला, पण तो बहुतेक वयाचा होता : लवकर सुरू करावे की उशिरा. कसे शिकवावे हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला आणि अजून मागेच आहे. आज दहावीत बसणाऱ्या मुलाने दहा वर्षे इंग्रजीचे तास केलेले असतात. त्याच्या वहीत शब्दार्थांची पाने भरलेली असतात. तरीही गावात टँकर का उशिरा आला हे सहा वाक्यांत लिही म्हटले की पेन थांबते. याचे खापर मुलाच्या घरावर किंवा माध्यमावर फोडणे सोपे आहे. मला कारण आपल्या वेळापत्रकात दिसते. आपण शब्द धड्याच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून मोकळे होतो आणि लेखन कृतिपत्रिकेच्या शेवटच्या प्रश्नांसाठी राखून ठेवतो. या दोहोंची गाठ वर्षभरात कुठेच पडत नाही. ती पाडल्याशिवाय मुलाचे शब्दही पक्के होणार नाहीत आणि लेखनही सुधारणार नाही, एवढेच आज मला मांडायचे आहे.

याला आधार आहे. बाटिया लाउफर या इस्रायली संशोधिकेने १९९८ मध्ये तिथल्या शाळेतल्या दहावी आणि अकरावीच्या, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एका वर्षाच्या शिक्षणाने काय फरक पडतो, हे तिला पाहायचे होते. वाचताना ओळखता येणारे शब्द भरपूर वाढले होते. पहिली अक्षरे दिल्यावर आठवणारे शब्द त्याहून कमी, पण वाढले होते. मुलांनी मोकळेपणी लिहिलेल्या मजकुरातला शब्दसंग्रह मात्र जिथल्या तिथे होता. वर्षभर शिकवून लेखणीत एकही थर चढला नाही! आपल्या वर्गात हेच घडते, फक्त आपण ते मोजत नाही. चाचणीत आपण अर्थ विचारतो, मूल अर्थ सांगते, आणि शब्द आला अशी खूण वहीत पडते. माळ्यावर चढवलेली भांडी मोजून स्वयंपाक येतो म्हणावे, तसा हा हिशेब आहे.

मग किती शब्द शिकवायचे? कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीवाचून वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे यांचे गट, लागतात, असे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडले. हा आकडा ऐकून हातपाय गाळायचे कारण नाही. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत सुमारे दोन हजार शब्द आहेत आणि साधारण इंग्रजी मजकुरातला ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा भाग तेवढ्यात येतो. हे वेस्ट आपल्याला परके नाहीत. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करताना, बंगाली मुलांकडे पाहत त्यांचा विचार घडला. सगळ्या मुलांना निदान वाचता यावे म्हणून त्यांनी वाचनाला अग्रक्रम दिला. शंभर वर्षांपूर्वीच्या बंगालमध्ये ते शहाणपणाचे होते, कारण बहुतेक मुले शाळा अर्ध्यावर सोडत. आज नोकरीचा अर्ज, विम्याच्या दाव्याचे पत्र, कॉलेजातला प्रकल्प या सगळ्यांत मुलाला लिहावे लागते, म्हणून तो अग्रक्रम तसाच चालवता येणार नाही.

निवड कशी करावी यासाठी इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली तीन थरांची विभागणी उपयोगी आहे. रोजचे शब्द मूल उचलतेच, एखाद्या शास्त्राचे खास शब्द त्या विषयाचे शिक्षक शिकवतात. मधला थर आपला : ‘प्रिव्हेंट’, ‘रिड्यूस’, ‘रिक्वायर’, ‘इन्स्टेड’, ‘ड्यू टू’. हे शब्द दिसायला फिके, पण त्यांच्यावाचून कारण देता येत नाही, तुलना करता येत नाही, मागणी मांडता येत नाही. आपण मात्र धड्यातला सर्वांत नक्षीदार शब्द शोधून त्याखाली रेघ मारायला लावतो. तो शब्द मुलाला पुन्हा भेटेल न भेटेल. एका धड्यातून आठ शब्द निवडा, वीस नकोत, आणि प्रत्येकाबरोबर त्याचा शेजारही शिकवा. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे रोखणे, एवढ्याने वाक्य होत नाही. कुणाला आणि कशापासून, म्हणजे त्यानंतरचे ‘फ्रॉम’, हे आले तरच मूल लिहू शकते. द्वारकानाथ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला जुन्या पिढ्या नावे ठेवत आल्या, मीही तिचा भक्त नाही. पण थोडे शब्द देऊन ते लगेच वाक्यांत राबवायचे, ही तिची शिस्त आपण उगाच गमावली.

लेखनाकडे वळू. व्याकरण पक्के झाले की लेखन आपोआप येईल, हा आपला सर्वांत आवडता समज. १९६३ मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या संशोधनाचा आढावा घेतला. सुटे, नियमांचे व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ला जात असल्याने नुकसानच होऊ शकते, असे त्यांनी बजावले. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग एकत्र मोजले, तेव्हा सुट्या व्याकरणाचा परिणाम उणे निघाला. सारांश लिहिण्याचा सराव, लेखनाच्या पायऱ्या उघड करून शिकवणे, जोडीने लिहिणे आणि वाक्ये जोडण्याचा सराव यांचा परिणाम चांगला होता. हे प्रयोग बहुतांशी इंग्रजी वातावरणातल्या मुलांवरचे, ते आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्या मुलांना क्रियापदाची रूपे शिकवावीच लागतील. पण वाक्ये जोडण्याचा सराव तर त्यांच्यासाठीच केल्यासारखा आहे. ‘द टँकर केम लेट. द रोड वॉज ब्रोकन. द विमेन वेटेड.’ एवढी सुटी वाक्ये आपल्या बहुतेक मुलांना येतात. त्यांना ‘बिकॉज’ द्या, ‘सो’ द्या, मग ‘ड्यू टू’ द्या आणि तीच गोष्ट तीन तऱ्हांनी बांधायला सांगा. ‘ड्यू टू’ आले की पुढे अख्खे वाक्य चालत नाही, ‘द ब्रोकन रोड’ असे नाम घडवावे लागते, हे मुलाला हाताने कळते. त्याच तासाला शब्द, व्याकरण आणि लेखन तिन्ही होतात.

यावर दोन हरकती नेहमी येतात. पहिली : मुलांकडे शब्दच नाहीत, ती लिहिणार काय? पण शब्द साठण्याची वाट पाहायची तर ती दहा वर्षे आपण पाहिलीच आहे. हुलस्टाइन आणि लाउफर यांनी २००१ मध्ये नेदरलँड्स व इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना तेच दहा शब्द तीन तऱ्हांनी दिले, तेव्हा त्या शब्दांनिशी स्वतः मजकूर लिहिणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिले. मात्र लेखनाला वेळही जास्त दिला होता. पुढे २००६ मध्ये कीथ फोल्स यांनी दाखवले की एकदाच वाक्य रचण्यापेक्षा रिकाम्या जागा तीनदा भरल्याने शब्द अधिक टिकतात. हा निष्कर्ष माझ्या विरुद्ध वाचता येईल. मी त्यातून एवढेच घेतो की शब्द एकदा लिहून सोडू नये. सोमवारी रिकामी जागा, बुधवारी जोडवाक्य, शुक्रवारी परिच्छेद, आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्याच विषयावर लिहिताना तोच शब्द पुन्हा.

दुसरी हरकत खरी आणि जड आहे. साठ मुलांची तुकडी, अशा तीन-चार तुकड्या, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. वह्या तपासायच्या कधी? उत्तर असे, की सगळे तपासायचेच नाही. प्रत्येक चुकीवर लाल रेघ मारल्याने लेखन सुधारते याला आधार नाही, असे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये ठणकावून सांगितले. डाना फेरिस यांनी त्याला विरोध केला, तो वाद अजून मिटलेला नाही. तरीही नेमून दिलेल्या चार शब्दांपुरते पाहायचे, बाकीच्या चुका त्या दिवशी सोडायच्या, एवढे शिक्षकाला जमते. सहा ओळींच्या परिच्छेदाला एक मिनिटही लागत नाही. शेजाऱ्याने आधी वाचलेला असेल तर त्याहून कमी.

राहिली परीक्षा. पाठ केलेले पत्र आणि गाइडातले भाषण यांना गुण मिळतात, तोवर मुलांनी स्वतःचे लिहावे असे सांगणे दांभिकपणाचे आहे. आता मोबाइलमधले यंत्रही मागाल ते पत्र बिनचूक लिहून देते, तेव्हा घरी लिहून आणायला सांगणे बंद करून ते वर्गातच, आपल्यासमोर करून घ्यावे लागेल. परीक्षा मंडळाकडे मात्र या परिषदेने एक नेमकी मागणी पाठवावी. लेखनाच्या एका प्रश्नाखाली मधल्या थरातले सहा शब्द छापावेत. त्यांपैकी चार वापरून मुलाने आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या एखाद्या अडचणीवर आठ ओळी लिहाव्यात. निम्मे गुण ते शब्द नीट बसले का यासाठी आणि निम्मे म्हणणे कळले का यासाठी असावेत. नमुना उत्तर छापू नये. दुपारच्या सत्रात हा ठराव चर्चेला घ्यावा, आणि ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो त्यांनी तिथे आधी बोलावे, अशी माझी विनंती आहे.