जर्मनीच्या इतिहासावर पाच प्रश्न

शाळाशाळांतून सामान्यज्ञानाच्या स्पर्धा भरतात. गुरुजी विचारतात, “हिटलर कोणत्या साली सत्तेवर आला?” मुलगा चटकन उठून म्हणतो, “१९३३.” गुण मिळाला, टाळ्या पडल्या, प्रश्न संपला. पण तो सत्तेवर आला कसा, हे ना गुरुजींनी विचारले, ना मुलाने सांगितले. म्हणून आज आपण जर्मनीच्या अर्वाचीन इतिहासावर पाच प्रश्न घेऊ. उत्तर आधी मनाशी द्या आणि मग ताडून पाहा.

पहिला प्रश्न. १८७१ साली जर्मन साम्राज्याची घोषणा कोठे झाली? पुष्कळ जण बर्लिन म्हणतील. तसे नाही. ती झाली फ्रान्समध्ये, व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात, १८ जानेवारी रोजी. प्रशिया आणि तिच्या जोडीची जर्मन राज्ये तेव्हा फ्रान्सशी लढत होती. पॅरिसला वेढा पडला होता आणि प्रशियाच्या सेनेचे मुख्य ठाणे व्हर्सायलाच होते. आता याला दुसरे टोक जोडा. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला, तेव्हा २८ जून १९१९ रोजी तहावर जर्मनांच्या सह्या घेतल्या, त्या याच महालात. फ्रान्सने जागा मुद्दाम निवडली होती. नुसते गावाचे नाव विचारले तर एक गुण. दोन्ही प्रसंग एकत्र विचारले, तर दोन राष्ट्रांतले वैर मुलाला समजते.

दुसरा प्रश्न. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकन डॉलरला किती मार्क पडत? युद्धापूर्वी चार-सव्वाचार पडत. आता ऐका, ४ लाख २० हजार कोटी! जन्मभर पैपै करून साठवलेली शिल्लक मातीमोल झाली. यावरून कोणी म्हणेल, “बरोबर, म्हणूनच हिटलर आला.” पण जरा सालांकडे पाहा. त्याच महिन्यात नवे चलन आले आणि भाव स्थिरावले. पुढे मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला शंभरात तीन मतेही मिळाली नाहीत. १९२९ पासून जगभर मंदी पसरली, १९३२ च्या आरंभी जर्मनीत नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले, आणि त्याच वर्षी जुलैत या पक्षाची मते शेकडा ३७ झाली. महागाईची धास्ती लोकांच्या मनात राहिली होती खरी. पण त्यांना त्याच्याकडे लोटले ते मुख्यतः बेकारीने. सनावळी पाठ करायची ती यासाठी, बरे का! कोणती गोष्ट आधी आणि कोणती मागून, हे ठाऊक असले म्हणजे कोणी सांगितलेले खोटे कारण पकडता येते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हिटलरला जनतेने बहुमताने निवडून दिले काय? नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याची मते शेकडा ३३ वर उतरली होती. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी त्याला पंतप्रधान नेमले. याला आपण मुठीत ठेवू, असे भोवतालच्या मुत्सद्द्यांना वाटत होते. मार्चमध्ये पुन्हा निवडणूक झाली. विरोधकांची धरपकड चालू होती, तरीही मते शेकडा ४४ च्या आतच राहिली. मग २३ मार्च रोजी संसदेपुढे एक कायदा आला: संसदेला वगळून सरकारने कायदे करावेत. कम्युनिस्ट सभासदांना येऊच दिले नाही. सभागृहात हिटलरचे गणवेशधारी स्वयंसेवक उभे होते. बाजूने ४४४ मते पडली, विरुद्ध ९४. हे ९४ जण सारे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. संसदेने आपला अधिकार आपल्याच हाताने देऊन टाकला. मत देणाऱ्या प्रत्येक नागरिकाने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चौथा प्रश्न. ९ नोव्हेंबरला जर्मनीत काय घडले? कोणते साल, असे तुम्ही विचाराल, तर तुमचे बरोबर आहे. १९१८ मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरचा उठाव फसला. १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली, दुकाने फोडली, माणसे मारली. आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत खुली झाली. आनंदाचा आणि लाजेचा दिवस एकच! म्हणून राष्ट्रीय दिन ठरवताना जर्मनांनी तो टाळला आणि ३ ऑक्टोबर हा दिवस घेतला. १९९० साली याच तारखेला दोन्ही जर्मनी एक झाले.

गुरुजनांना एवढीच विनंती, की ‘केव्हा’ विचारलेत की पाठोपाठ एक ‘का’ विचारा. मुले अडखळतील, अडखळू द्या. उत्तराला गुण कमी द्या हवे तर, पण प्रश्न सोडू नका.

पाचवा प्रश्न घरी न्या. बर्लिन शहर पूर्व जर्मनीच्या पोटात होते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्वेच्या सरकारने भिंत घालायला घेतली, ती पश्चिम बर्लिनच्या भोवती, सुमारे १५५ किलोमीटर लांबीची. वर्गात फळ्यावर नकाशा काढा आणि मुलांना विचारा: कोंडले कोण गेले, भिंतीच्या आतले की बाहेरचे? आणि का?